विश्लेषण : शनिवारी गजबजलेले चौल जनगणनेत का दिसत नाही?

शनिवार-रविवारी अलिबाग-रेवदंडा रस्त्यावर वाहनांच्या रांगा लागतात. नागाव, चौल, रेवदंडा येथील घरगुती निवास आणि रिसॉर्ट भरून जातात. सोमवारी मात्र वाड्यांमधील अनेक बंगल्यांना कुलूप असते. गावातील तरुण नोकरीसाठी मुंबई-पनवेलकडे आणि आजूबाजूच्या कातकरीवाड्यांतील कुटुंबे वीटभट्ट्यांवर गेलेली असतात. यांपैकी चौलचे रहिवासी म्हणून नोंद कोणाची होते? १ मार्च २०२७ या संदर्भदिनाच्या जनगणनेमुळे हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. कारण २०११ नंतर जनगणनाच झालेली नाही आणि गावाच्या वाट्याला येणारा निधी, दवाखाना, सदस्यसंख्या हे सारे याच आकड्यावर बेतलेले असते.

चौलचा भूगोल कसा आहे?

चौल हे रायगड जिल्ह्याच्या अलिबाग तालुक्यातील गाव, अलिबागच्या दक्षिणेला, कुंडलिका नदीच्या मुखाजवळ. सह्याद्रीत उगम पावणारी कुंडलिका कोलाड, रोह्यावरून येत रेवदंड्याजवळ समुद्राला मिळते. खाडीच्या पलीकडे मुरुड तालुक्यातील कोर्लई. किनाऱ्यालगत वाळूमिश्रित जमिनीचा चिंचोळा पट्टा आहे. तेथे विहिरींच्या गोड्या पाण्यावर नारळ-सुपारीच्या वाड्या उभ्या राहिल्या. त्यामागे भातखाचरे, खाडीकाठी बांध घालून राखलेली खारजमीन आणि त्याही मागे डोंगर. आवास, सासवणे, किहीम, थळ, आक्षी, नागाव, चौल अशा आगरांचा हा पट्टा अष्टागर म्हणून ओळखला जातो. वस्तीही याच क्रमाने बसली आहे. किनाऱ्यावर कोळीवाडे, वाड्यांमध्ये बागायतदार, खारपट्ट्यात आगरी शेतकरी आणि डोंगराच्या कडेला कातकरी, ठाकूर. राहण्याजोगी जमीन मर्यादित असल्याने घरे रस्त्याच्या दुतर्फा लांबवर पसरलेली दिसतात. एक गाव कुठे संपते आणि दुसरे कुठे सुरू होते, हे नवख्याला कळत नाही.

जुने चौल किती मोठे होते?

ग्रीक लेखकांचे ‘सिमुल्ला’, शिलाहार लेखांतील ‘चेमूल्य’ आणि अरब प्रवाशांचे ‘सैमूर’ म्हणजेच चौल, असे मानले जाते. दहाव्या शतकाच्या आरंभी येथे आलेल्या अल-मसुदीने बंदरात सुमारे १० हजार मुस्लिम राहत असल्याचे लिहून ठेवले. त्यात बाहेरून येऊन स्थायिक झालेले व्यापारी होते आणि येथेच जन्मलेली त्यांची मुलेही. पंधराव्या शतकात रशियन प्रवासी अफानासी निकितिन येथेच उतरला. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी खाडीच्या मुखाशी ठाणे उभारले आणि १७४० मध्ये ते मराठ्यांकडे आले. पुढे मुंबई बंदर वाढले आणि चौलचा व्यापार ओसरला. लोक मात्र आपापल्या खुणा ठेवून गेले किंवा राहिले. कोर्लईत आजही पोर्तुगीज-मराठी मिश्रणातून घडलेली बोली बोलली जाते. रेवदंड्यात बेने इस्रायलींचे सिनेगॉग आहे. हा समाज बहुतांश इस्रायलला स्थलांतरित झाला आहे. थोडक्यात, लोकांची ये-जा येथे नवी नाही. पूर्वी लोक बंदरामुळे येत, आता सुट्टीमुळे येतात.

रायगडचे आकडे काय सांगतात?

२०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या २६ लाख ३४ हजार २०० आणि घनता दर चौरस किलोमीटरला ३६८. राज्याची सरासरी ३६५. यावरून रायगड हा राज्यासारखाच सरासरी जिल्हा वाटतो, पण तसे नाही. एकट्या पनवेल तालुक्यात ७ लाख ५० हजार २३६ लोक होते, म्हणजे जिल्ह्याच्या २८ टक्क्यांहून अधिक. उलट तळा, पोलादपूर, म्हसळा, सुधागड, मुरुड आणि श्रीवर्धन या सहा तालुक्यांची मिळून लोकसंख्या ३ लाख ६५ हजार ६११, पनवेलच्या निम्म्याहूनही कमी. खाली रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात तर २००१ ते २०११ या दशकात लोकसंख्या घटली. अलिबाग तालुका या दोन टोकांच्या मध्ये आहे : २ लाख ३६ हजार १६७.

अलिबाग तालुका ग्रामीण की शहरी?

तालुक्यात नगरपालिका एकच, अलिबागची. २०११ मध्ये तिच्या हद्दीत २० हजार ७४३ लोक होते. म्हणजे तालुक्यातील दर १०० पैकी साधारण ९१ जण ग्रामपंचायतींच्या हद्दीत राहत होते. कागदावर हा तालुका ग्रामीण, पण जमिनीचे भाव, दुसऱ्या घरांची संख्या आणि आठवडी गर्दी शहरी. २०२० मध्ये मुंबई-मांडवा रो-रो सेवा सुरू झाली, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला. रेवस-करंजा पुलाने मुंबईचे अंतर आणखी कमी होईल. यांपैकी एकाही बदलाची छाया २०११ च्या आकड्यांत नाही.

जनगणना कोणाला कुठे मोजते?

नियम साधा आहे. गणनेच्या काळात माणूस सामान्यतः जेथे राहतो, तेथे त्याची नोंद. शनिवारी चौलला येणारा मुंबईकर मुंबईत मोजला जातो. त्याचा बंगला घरयादीत येतो, पण माणसे येत नाहीत. बंगला सांभाळणारे कुटुंब तेथेच राहत असेल, तर ते मात्र चौलचे. गणेशोत्सवाला न चुकता येणारा, गावच्या मतदारयादीत नाव असलेला चाकरमानीही जनगणनेत मुंबईचा किंवा पनवेलचाच. मतदारयादी आणि जनगणना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सर्वांत नाजूक प्रश्न कातकऱ्यांचा. केंद्राच्या यादीत विशेष असुरक्षित आदिवासी गटांत मोडणारा हा समाज. रायगडमधील अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टी आणि कोळशाच्या कामासाठी बाहेर पडतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. लोकसंख्या मोजणी असते फेब्रुवारीत, म्हणजे वाड्या रिकाम्या असतानाच. ही कुटुंबे भट्टीवर नोंदली गेली, तर आकडा त्या गावाला मिळतो. भट्टीवरही प्रगणक पोहोचला नाही, तर ती कुठेच दिसत नाहीत.

आकड्यावर काय अवलंबून असते?

पंधराव्या वित्त आयोगाने स्थानिक संस्थांचे अनुदान राज्यांमध्ये वाटताना २०११ च्या लोकसंख्येला ९० टक्के आणि क्षेत्रफळाला १० टक्के भार दिला. ग्रामपंचायतीत ७ सदस्य असावेत की १७, हे लोकसंख्येवर ठरते. सपाट भागात ३० हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ५ हजारांमागे एक उपकेंद्र, तर डोंगरी-आदिवासी भागात अनुक्रमे २० हजार आणि ३ हजार, असा निकष आहे. पाणीयोजनाही लोकसंख्येच्या अंदाजावरच आखली जाते. पण शनिवारी टाकीतले पाणी नोंद नसलेले पाहुणेही वापरतात. कचरा त्यांचाही असतो आणि अपघात झाला तर ग्रामीण रुग्णालयही तेच. दत्तजयंतीच्या जत्रेत हा ताण कित्येक पटींनी वाढतो.

याला दुसरी बाजूही आहे. बंगल्यांची घरपट्टी ग्रामपंचायतीला मिळते, निवासव्यवसायातून गावात रोजगार येतो. त्यामुळे पाहुणे हा केवळ बोजा, असे म्हणता येणार नाही. प्रश्न एवढाच की, मिळणाऱ्या उत्पन्नाचा आणि पडणाऱ्या ताणाचा हिशेब एकत्र कोणी मांडत नाही.

इतर देशांत काय करतात?

अमेरिकेत आपल्या जिल्ह्याशी मिळताजुळता घटक म्हणजे काउंटी. तेथेही माणूस नेहमीच्या राहत्या जागीच मोजला जातो. टेक्सासमधील लव्हिंग काउंटीत २०२० मध्ये अवघे ६४ रहिवासी नोंदले गेले. मात्र सुट्टीपुरती वा हंगामापुरती वापरली जाणारी घरे तेथे रिकाम्या घरांमध्ये वेगळ्या रकान्यात दाखवली जातात. त्यामुळे पर्यटनावर जगणाऱ्या काउंटीला आपले रहिवासी किती आणि पाहुण्यांची घरे किती, हे दोन्ही कळते.

पुढे काय?

यंदाची जनगणना दोन टप्प्यांत आहे. घरयादी एप्रिल ते सप्टेंबर २०२६ मध्ये, तर लोकसंख्या मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये. नोंदी मोबाइल अ‍ॅपवर होणार असून कुटुंबांना स्वतःची माहिती स्वतः भरण्याचीही सोय आहे. जनगणनेचा नियम बदलणे गावाच्या हाती नाही. मात्र घरपट्टीच्या नोंदवहीतून बंद घरांची आणि निवासांतील खाटांची यादी करणे ग्रामपंचायतीला शक्य आहे. कातकरी कुटुंबे कोणत्या भट्ट्यांवर गेली आहेत, याची माहिती वाडीतूनच मिळू शकते. ती फेब्रुवारीपूर्वी तहसील कार्यालयापर्यंत पोहोचली, तर प्रगणक भट्टीवर जाऊ शकेल. तसे झाले नाही, तर पुढील दहा वर्षांचे नियोजन पुन्हा अशा आकड्यावर होईल, ज्यात शनिवारचे चौल नसेल आणि डोंगराकडेची वाडीही नसेल.