पागोळ्यांपासून पाच फूट

सकाळी ६

उन्हं वर यायच्या आत परसात जाऊन जागा बघून घेते. रोहिणी नक्षत्र लागलंय, मृग दीड आठवड्यावर आलाय. गादीवाफा आता घातला नाही तर पुढे पावसाळाभर जमिनीत हात घालायची सोय उरत नाही. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलीमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. देशावर भाजीला सरी काढतात, आळी करतात, कारण पाणी मुळाशी थांबायला हवं असतं. इथे पावसाळ्यात भाजी मरते ती पाणी साचून. मुळांना हवा मिळेनाशी झाली की चांगली तरारलेली मिरचीसुद्धा मान टाकते. म्हणून वाफा उंच करायचा, आणि दिवसभर एकच गोष्ट डोक्यात ठेवायची: पाणी इथून बाहेर कसं जाईल.

परसदारी जमिनीवर गेल्या पावसाळ्यातल्या पागोळ्यांची रेघ अजून दिसते. कौलांवरून पडणाऱ्या धारांनी पाडलेले खळगे ओळीने, आणि माती वाहून गेल्यामुळे उघडे पडलेले लाल खडे. वाफा या रेघेच्या जवळ आला तर पागोळ्यांच्या शिंतोड्यांनी पानं मातीने माखतात, मग त्यांवर रोग येतो. पाच फूट सोडायचे म्हणजे सोडायचेच. नारळाच्या सावलीतही नको, भेंडीला दिवसाचे सहा तास तरी ऊन लागतं.

सकाळी ७

सुतळी, चार खुंट्या, पहार, कुदळ. लांबी दहा फूट, रुंदी तीन. रुंदी वाढवायचा मोह होतो, पण मग मधलं तण काढायला वाफ्यात पाय घालावा लागतो, आणि भिजलेल्या मातीत एकदा पाय पडला की ती दबून घट्ट होते. दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचला पाहिजे. कोपरा काटकोनात आणायला एका सुतळीवर तीन फुटांवर खूण, दुसरीवर चार फुटांवर, आणि दोन खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर पाच.

शेजारचे अण्णा गडग्यावरून बघत होते. म्हणाले, "वहिनी, उतार कुठं दिलात?" उतार व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या बाजूला, दहा फुटांत दोन बोटं. त्यांनी मान हलवली आणि पंचा कमरेला गुंडाळून चिरे उचलायला आले.

सकाळी साडेसात

हे दिवसातलं सगळ्यात जड काम. एक जांभा चिरा तीस किलोच्या आसपास भरतो आणि आम्हाला पंचवीसेक लागतात. गडग्याच्या कडेला जुने पडून होते, तेच घेतले. खाणीतून नुकता काढलेला चिरा नरम असतो, उन्हावाऱ्यात राहून टणक होतो. जुन्यावर पावसाचा भरवसा ठेवता येतो. चिरे आडव्या धारेवर उभे करायचे, दोन इंच जमिनीत, सात इंच वर. सिमेंट अजिबात नाही. वरच्या बाजूला चिरे एकमेकांना भिडवून लावले, उताराच्या बाजूला दर दोन चिऱ्यांमध्ये बोटभर फट ठेवली. फटीच्या आतून नारळाची किशी कोंबली, म्हणजे पाणी जातं आणि माती राहते.

मध्येच आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, घावन आणि चहा परसातच आणून दिला.

सकाळी साडेनऊ

चिऱ्यांची चौकट झाली म्हणून लगेच माती ओतायची नाही. खालची जमीन टिकावाने वीतभर उकरून घेतली. वरच्या भुसभुशीत मातीतून आलेलं पाणी खालच्या कडक थरावर अडलं तर उंच वाफ्याचा उपयोग काय? काही ठिकाणी कातळ लागला, तिथे सोडून दिलं.

तळाला नारळाची सोडणं. यात एक बारकावा आहे. माडाच्या आळ्यात सोडणं पुरतात ती उताणी, पोकळ बाजू वर, कारण उन्हाळ्यासाठी ओल धरून ठेवायची असते. इथे पालथी घालायची. सोडणांच्या पाठीवरून पाणी घरंगळत उताराकडे जातं आणि खाली हवा खेळती राहते. आईंनी हे माझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात दाखवलं होतं. त्यांना ते त्यांच्या सासूने दाखवलेलं.

सकाळी साडेदहा

माती कालवणं. पंचवीस घमेली माती, बारा घमेली शेणखत, पाच घमेली जाड रेती, एक घमेलं चुलीतली राख. आमची जांभ्याची माती आम्लधर्मी असते, राखेने ती थोडी सुधारते. पण जास्त घातली तर तीही बाधते.

शेणखत मात्र हातात घेऊनच पारखावं. मुठीत दाबलं, उघडलं: काळं, सुटं, रानातल्या पालापाचोळ्यासारखा वास. मुरलंय. ढिगाच्या आतली बाजू फावड्याने उलटली तेव्हा तीन पांढऱ्या, जाडजूड अळ्या निघाल्या, अर्धवर्तुळात वळलेल्या, तपकिरी डोक्याच्या. हुमणी. वाफ्यात राहिली तर मुळं कुरतडते आणि वरून रोप फक्त मलूल दिसतं, कारण कळत नाही. अण्णांनी त्या कोंबड्यांपुढे टाकल्या. मग सगळं खत खळ्यावर पातळ पसरून हाताने चाळलं. तासभर गेला, पण या कामात घाई करायला मी तयार नाही.

भरताना मधोमध माती चार बोटं जास्त चढवली. पावसाने ती बसणारच, आणि बसल्यावरही वाफ्याची पाठ फुगीरच राहिली पाहिजे.

दुपारी १ ते ४

आमटी-भात, आणि पडवीत आडवं होणं. या उन्हात बी मातीत घालण्यात अर्थ नाही.

दुपारी ४

काल रात्री भिजत घालून सकाळी ओल्या फडक्यात बांधलेलं कारली आणि पडवळाचं बी उघडलं. दोन्हींची टरफलं जाड, भिजवल्याशिवाय उशिरा रुजतात. कारलं 'कोकण तारा', पडवळ 'कोकण श्वेता', दोन्ही वाण दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे, या पावसात तग धरणारे. वेल वाफ्याच्या घराकडच्या टोकाला लावले. पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येतो, मांडवाला घराचा आडोसा हवा. बी इंचभर खोल, एका जागी दोन-दोन. पडवळ धरलं की बोटभर फळाच्या टोकाला सुतळीने खडा बांधायचा, नाहीतर वेटोळं होतं.

मध्ये भेंडीच्या दोन ओळी, फूटभर अंतराने. कडेने लाल माठ. माठाचं बी मोहरीहून बारीक. नुसतं फेकलं तर एका जागी दाट पडतं, म्हणून मूठभर बारीक रेतीत मिसळून फेकलं आणि वरून मातीचा नुसता हात फिरवला. महिन्याभरात भाजी. व्हाळाकडच्या कोपऱ्यात मिरचीचं बी चार बोटं अंतरावरच्या रेघांत टाकलं. ती रोपं नंतर उपटून दुसरीकडे जातील. मुंग्या बी पळवतात, म्हणून चिऱ्यांच्या बाहेरून राखेची रेघ.

संध्याकाळी ६

झारीने पाणी, तेही बारीक धारेने. मग वाफ्यावर सुक्या झावळ्या आडव्या टाकल्या, कोंबड्यांनी उकरू नये आणि पहिल्याच सरीने बी उघडं पडू नये म्हणून. कोंब दिसले की झावळ्या लगेच काढायच्या, नाहीतर माठ पिवळा आणि लांबडा होतो.

शेवटी व्हाळाकडच्या बाजूला फटींच्या खाली वीतभर रुंद चर खणला. उरलेलं पडवळाचं बी अण्णांना दिलं. ते म्हणाले, "उद्या अळवाचे कंद आणतो, ह्या चरात लावा." अळवाला पाय ओले लागतात. वाफ्यातून निघालेलं सगळं पाणी तिथेच येणार आहे. कंद वीतभर अंतराने बसवले तर चरात आठ-दहा मावतील.