संगणकाचे आगंतुक पाहुणे

गुरुजी, मुले वाट पाहत बसतात आणि शाळेचा संगणक काही लवकर कामाला लागत नाही, असे होते ना? दोष दर वेळी यंत्राचाच नसतो. विंडोज सुरू होताच काही प्रोग्रॅम आपण न बोलावता जागे होतात आणि मेमरीत जागा अडवून बसतात.

आता असे करा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. २०१२ सालच्या विंडोज ८ पासून त्यात 'स्टार्टअप' हा विभाग आहे. तिथे नको असलेले नाव निवडून 'डिसेबल' दाबा. याने प्रोग्रॅम पुसला जात नाही, बरे का! हवा तेव्हा तो हाताने उघडता येतो.

अँटीव्हायरस मात्र घरचा राखणदार. त्याला झोपवू नका. नाव अनोळखी वाटले, तर आधी जाणत्याला विचारा.