आयव्हरमेक्टिन : मेलबर्नहून गोवामार्गे सिडनी

एप्रिल २०२०च्या सुरुवातीला मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातून एक बातमी बाहेर पडली. प्रयोगशाळेत वाढवलेल्या माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींना कोरोनाची लागण केली आणि त्यात आयव्हरमेक्टिन हे जंतांवरचं औषध सोडलं, तर ४८ तासांत विषाणू जवळजवळ नाहीसा होतो, असं कायली वॅगस्टाफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं होतं. माणसांवरच्या चाचण्या अजून व्हायच्या आहेत, हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं. बातमी जगभर फिरली. हे शेवटचं वाक्य मेलबर्नलाच राहिलं.

त्या पेशींवर वापरलेली मात्रा माणसाच्या रक्तात आणायची तर नेहमीच्या डोसच्या कित्येक पट गोळ्या गिळाव्या लागतील. पण एवढा हिशेब कोण करतो? शिवाय ही काही भोंदूबाबाची पुडी नव्हती. या औषधामागच्या शोधाला २०१५चं नोबेल मिळालेलं. जंतांवर आणि खरजेवर ते गुणकारी, वर स्वस्त. मनाने औषध घेणाऱ्यांना आपण सरसकट अडाणी ठरवतो, ते मला पटत नाही. यातल्या अनेकांनी वाचलं होतं, फक्त अर्ध्यावर थांबले होते.

१० मे २०२१ रोजी गोव्याचे आरोग्यमंत्री विश्वजित राणे यांनी १८ वर्षांवरील सगळ्यांना, लागण असो वा नसो, ही गोळी पाच दिवस देण्याचं जाहीर केलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मुख्य शास्त्रज्ञ डॉ. सौम्या स्वामीनाथन यांनी लगेच आठवण करून दिली, की चाचण्यांबाहेर कोरोनासाठी हे औषध वापरू नये. पण 'तिकडे सरकारच वाटतंय, मग इथले डॉक्टर उगाच का अडवतात?' असा प्रश्न परदेशातल्या एखाद्या मराठी घरात निघाला असेल, तर नवल नाही. पुण्यात केमिस्टला नुसतं नाव सांगून स्ट्रिप मिळवायची सवय असलेल्या माणसाला ऑस्ट्रेलियात साध्या अँटिबायोटिकसाठीही डॉक्टरची चिठ्ठी लागते, हे जाचकच वाटतं.

त्यात २०२१चा तिथला हिवाळा. २६ जूनपासून सिडनी बंद. फायझरची लस पुरेशी नाही आणि ॲस्ट्राझेनेकाबद्दलचा सल्ला बदलत गेलेला : रक्ताच्या गुठळ्यांच्या दुर्मीळ धोक्यामुळे एप्रिलमध्ये पन्नाशीच्या आतल्यांना, जूनमध्ये साठीच्या आतल्यांना फायझरच बरी, असं सांगण्यात आलं. लस कधी मिळेल कळेना, आणि क्रेग केली हे खासदार तर आयव्हरमेक्टिनचा उघड प्रचार करत होते. मेंढ्यांच्या जंतांसाठी हे औषध त्या देशात अनेक वर्षांपासून ओळखीचं. काही महिन्यांत त्याच्या चिठ्ठ्या तिप्पट-चौपट झाल्या. सप्टेंबरच्या सुरुवातीला सिडनीच्या वेस्टमीड रुग्णालयात एक जण उलट्या-जुलाबांनी दाखल झाला. त्याने ही गोळी आणि इंटरनेटवर सांगितलेले आणखी 'उपाय' एकत्र घेतले होते.

१० सप्टेंबरला थेरप्युटिक गुड्स ॲडमिनिस्ट्रेशन या तिथल्या औषध नियामकाने आयव्हरमेक्टिनवर निर्बंध आणले. फॅमिली डॉक्टरांना ही गोळी यापुढे खरूज, जंत अशा मान्य आजारांसाठीच लिहून देता येणार होती. त्याच महिन्यात भारतातही केंद्राच्या कोविड उपचारसूचीतून तिचं नाव गेलं.

मात्र ऑस्ट्रेलियन नियामकाच्या कारणांत रुग्णाच्या जिवाखेरीज आणखी एक गोष्ट होती : तुटवडा. मार्च २०२०मध्येही असंच झालं होतं. दम्याचे पंप आणि पॅरासिटामॉल लोकांनी घरात भरून ठेवले, तेव्हा सरकारने माणशी मर्यादा घातली आणि लहान मुलांचं पॅरासिटामॉल काउंटरमागे ठेवायला लावलं. आयव्हरमेक्टिनच्या बाबतीत झळ बसण्याची भीती होती ती देशाच्या उत्तर टोकाला, दुर्गम वस्त्यांतल्या आदिवासी समाजाला. तिथे खरूज हा घरोघरचा आजार आहे. खाजवून झालेल्या जखमांत स्ट्रेप्टोकोकस शिरतो, त्यातून मूत्रपिंडं सुजतात; तिथल्या पोरांच्या हृदयाच्या झडपा संधिवाताच्या तापाने बिघडतात, त्याचाही संबंध या जखमांशी असावा असं डॉक्टर मानतात. सिडनीत कोणी 'असू दे घरात' म्हणून घेतलेल्या गोळ्या अशा एखाद्या दवाखान्यात कमी पडू शकत होत्या.

१ जून २०२३ला निर्बंध उठले. लसीकरण झालं होतं, तुटवडा ओसरला होता. कोरोनासाठी ही गोळी घेऊ नये, हा नियामकाचा सल्ला मात्र तेव्हाही कायम राहिला.