टोळ समूळ नष्ट का होत नाहीत?

वाळवंटी टोळाचे घर म्हणजे आफ्रिकेपासून राजस्थानपर्यंतचा रखरखीत मुलूख होय. तेथील पाऊस बेभरवशाचा. यंदा जेथे पडला तेथे पुढील वर्षी पडेलच असे नाही. टोळाची मादी ओलसर वाळूत सुमारे १० ते १५ सें.मी. खोल अंडी घालते. ओल नसेल तर अंडी सुकतात व हिरवळ नसेल तर पिले उपाशी मरतात. एकाच जागी राहता तर हा कीटक केव्हाच नामशेष झाला असता. परंतु थवा वाऱ्याबरोबर दिवसाला १०० ते १५० कि.मी. जाऊ शकतो, आणि वारे जेथे एकत्र येतात तेथेच बहुधा पाऊसही पडतो. वाटेत असंख्य टोळ मरतात, काही समुद्रात पडतात; तथापि थोड्यांना ओली जमीन सापडली तरी वंश टिकतो.

सन २०१८ मध्ये दोन चक्रीवादळांचा पाऊस अरबस्तानच्या वाळवंटात पडला व तेथे टोळांच्या पिढ्या वाढल्या. हाच उद्रेक पसरत जाऊन मे २०२० मध्ये थवे अमरावती, वर्धा व नागपूर जिल्ह्यांत उतरले. तिकडील पावसाची झळ काटोलच्या बागायतदारास लागावी, हे विचित्र खरे!

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रथम थव्याचा रंग पाहावा. गुलाबी टोळ अपक्व असतात. पिवळे अंडी घालण्याच्या बेतात असतात व त्यांची वर्दी तत्काळ द्यावी. डबे बडविल्याने थवा फक्त शेजाऱ्याच्या शेतात जातो. सायंकाळी झाडांवर बसलेला थवा ऊन चढेपर्यंत सहसा उडत नाही; फवारणी त्याच अवधीत उरकावी.