डॅफ्ने मेजरवरच्या चोची

गालापागोसमधलं डॅफ्ने मेजर हे ज्वालामुखीतून घडलेलं छोटं, ओसाड बेट. उत्क्रांती डोळ्यांदेखत मोजता येते, याचा भक्कम पुरावा इथे मिळाला. पीटर आणि रोझमेरी ग्रँट यांनी 1973पासून इथल्या फिंच पक्ष्यांच्या पायांत कडी अडकवून त्यांच्या चोची मोजल्या. 1977च्या दुष्काळात बारीक बिया संपत आल्या. उरली ती मुख्यतः गोखरूच्या कुळातली काटेरी, टणक फळं. जाड चोचीचा पक्षी ती फोडून आतलं बी काढतो, नाजूक चोचीच्याला ते जमत नाही. बहुतेक पक्षी मेले; वाचलेल्यांत मोठ्या चोचींचे जास्त.

कुणी म्हणेल, टणक बिया फोडून चोचीच जाडावल्या असतील. पण वाचलेल्यांची मापं आधीच नोंदलेली होती, शिवाय पिल्लांची चोच आईबापांवर जाते. 1978ची पिढी जाड चोचीचीच निघाली. दुसरा आक्षेप वजनदार आहे: 1983च्या एल निनोच्या पावसानंतर बारीक बिया माजल्या, पुढे लहान चोचींची सरशी झाली, मग बदल टिकला कुठे? माझ्या मते हाच पुरावा सर्वांत बोलका. निसर्गाची निवड एकाच दिशेने जात नाही, पाऊसपाण्याबरोबर वळते. आणि एकदोन वर्षांत गाशा गुंडाळणाऱ्या निरीक्षकाला ते वळण दिसलंच नसतं.