इंजिन बदललं, पण नेमकं काय बदललं?



पेटची तयारी करणारे, प्रपोजल लिहायला बसलेले बरेच जण विचारतात, "सर, व्हेरिएबल, बेसलाइन, कंट्रोल हे शब्द पाठ आहेत, पण आपल्या विषयात ते कुठे बसवायचे?" आज हे शब्द एका जुन्या पिकअपवर बसवून बघू.

दिवाळीत गावी, चिखली तालुक्यात गेलो होतो. काकांचा जुना डिझेल पिकअप मलकापूरहून माल भरून बुलढाण्याकडे येताना राजूर घाटात दम टाकतो. मिस्त्रीने सुचवलं, नव्या मॉडेलचं कॉमन रेल इंजिन टाकून देऊ. काकांचं मत सोपं होतं, "एक इंजन काढा लागते अन् दुसरं बसवा लागते. त्यात काय मोठं?" सोयाबीनचे पैसे नुकतेच हातात आले होते, त्यामुळे घाईही होती. मी म्हटलं, "काका, दोन दिवस थांबा. आधी हिशोब करू."

१. आधी प्रश्न तपासा

"इंजिन कमजोर आहे" हे निरीक्षण नाही, तो निष्कर्ष आहे. निरीक्षण एवढंच, की गाडी चढावर मंदावते.

मालासह गाडीचं वजन २५०० किलो धरा आणि चढ १०० मीटरला ८ मीटर. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध लागणारं बल २५०० × ९.८ × ०.०८, म्हणजे १९६० न्यूटन. टायरच्या घर्षणाचे साधारण ३७० मिळवा. झाले २३३० न्यूटन. शक्ती म्हणजे बल गुणिले वेग. ताशी ३० किमी म्हणजे सेकंदाला ८.३३ मीटर. उत्तर येतं सुमारे १९.४ किलोवॅट, म्हणजे २६ हॉर्सपॉवर. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलमध्ये थोडी शक्ती वाया जाते, ती धरूनही तीसच्या आसपास.

जुन्या पिकअपच्या डिझेल इंजिनाची ताकद साठच्या आसपास असते. म्हणजे धडधाकट जुनं इंजिन हा चढ तीसच्या वेगाने आरामात चढायला पाहिजे. चढत नसेल तर ते लहान नाही, आजारी आहे. कॉम्प्रेशन गेलं असेल, नोझल खराब असेल, एअर फिल्टर चोंदला असेल किंवा क्लच प्लेट घसरत असेल. त्यातही क्लच घसरत असेल तर नवीन इंजिन टाकूनही जुन्या प्लेटवर गाडी तशीच राहील!

हाच चढ साठच्या वेगाने चढायचा असेल तर गोष्ट वेगळी. मग हवेचा रोधही धरावा लागतो आणि चाकांवरच ५८ हॉर्सपॉवरच्या जवळपास लागतात. तिथे जुनं इंजिन खरोखर अपुरं. म्हणून पहिला प्रश्न काकांना: "तुम्हाला घाट चढायचाय, की साठने चढायचाय?"

२. भाग एक, सांधे अनेक

जुन्या गाडीत नवं इंजिन ही कल्पना काही नवी नाही. जीप भारतात आली ती पेट्रोल इंजिनावर. पुढे महिंद्राने तिच्यात डिझेल इंजिनं बसवली. त्यातल्या २५२३ सीसी डीआय इंजिनाचा बोअर ८८.९ मिमी आणि स्ट्रोक १०१.६ मिमी. आकडे विचित्र वाटतात ना? २५.४ ने भागा. बरोबर साडेतीन इंच आणि चार इंच! हे इंजिन इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकी कंपनीच्या ट्रॅक्टर इंजिनाच्या कुळातलं आहे आणि त्याची इंचातली वंशावळ आकड्यात तशीच राहिली आहे. याउलट प्यूजो एक्सडीपी ४.९० मध्ये चार सिलिंडर, बोअर ९० मिमी, स्ट्रोक ८३ मिमी. गुणाकार केला की २११२ सीसी. डेटामध्ये विचित्र आकडा दिसला की एकक बदलून बघा, हा धडा इथे फुकटात मिळतो.

पण कंपनी इंजिन बदलते तेव्हा बाकीचं जुळवून, चाचण्या घेऊन बदलते. गॅरेजमध्ये ते सगळं आपल्याला बघावं लागतं. इंजिनाचं फाउंडेशन चासीवर बसतं का? बेल हाउसिंगचे बोल्ट जुन्या गिअरबॉक्सला जुळतात का? जादा टॉर्क तो गिअरबॉक्स आणि जॉइंट पेलतील का? रेडिएटर पुरेल का? जुन्या डिझेलला मेकॅनिकल पंप पुरतो. कॉमन रेलमध्ये दाब हजार बारच्या वर जातो आणि इंजेक्टर कधी, किती वेळ उघडायचा हे ईसीएम ठरवतो. त्यासाठी क्रँकचा सेन्सर, रेल प्रेशरचा सेन्सर, ॲक्सिलरेटर पेडलचा सेन्सर, त्यांचं वायरिंग आणि चांगला डिझेल फिल्टर, सगळंच आलं. म्हणजे 'एकच व्हेरिएबल' बदलतोय असं म्हणता म्हणता डझनभर बदलले.

३. उतार विसरू नका

सगळी चर्चा चढाची झाली. पण सोयाबीन भरून मलकापूरला जाताना तोच घाट उतरायचा असतो. ३०० मीटर उंची उतरलो असं धरा. २५०० × ९.८ × ३०० म्हणजे सुमारे ७३.५ लाख ज्यूल. ही ऊर्जा कुठेतरी जायलाच हवी: थोडी घर्षणात, थोडी खालच्या गिअरमध्ये इंजिनाच्या रोधात, बाकी ब्रेकमध्ये उष्णता म्हणून. शिवाय गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गावर चालते. चाळीसऐवजी साठने चाललात तर थांबवण्यासाठी सव्वादोन पट ऊर्जा जिरवावी लागते. ताकद नवी आणि ड्रम ब्रेक जुने, हा मेळ जीवावर बेतू शकतो. संशोधनातही आपण हवा तो परिणाम मोजतो आणि नको असलेला मोजायचा राहून जातो.

४. बेसलाइन नसेल तर निष्कर्ष नाही

समजा इंजिन बदललं आणि ॲव्हरेज वाढलं. श्रेय कुणाचं? सोबत क्लच प्लेट, फिल्टर, कदाचित टायरही नवे आले. शिवाय तुलना झाली आजारी जुन्याची आणि निरोगी नव्याची. न्याय्य तुलना म्हणजे दुरुस्त केलेलं जुनं विरुद्ध नवं. तीही त्याच रस्त्यावर, तेवढ्याच मालावर, टाकी फुल्ल टू फुल्ल मोजून आणि तीन-चार फेऱ्यांची. एका फेरीचा आकडा हा किस्सा असतो, पुरावा नाही.

५. परवानगी शेवटी नाही, आधी

नोंदणीत इंजिन नंबर असतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्राधिकाऱ्याच्या मान्यतेशिवाय असा बदल करता येत नाही. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. म्हणजे वेगळ्याच जातीचं इंजिन टाकलं तर पासिंग आणि विमा, दोन्ही अडचणीत. तुमच्या प्रयोगात एथिक्स कमिटीची मंजुरी डेटा गोळा करण्याआधी लागते, तसंच हे.

मग काकांनी काय केलं? नव्या इंजिनाचा विषय अजून पूर्ण सुटलेला नाही. पण आधी कॉम्प्रेशन तपासायचं ठरलं, आणि त्याच्याही आधी ब्रेकचं काम काढलं. मला तेवढं पुरे आहे.

आता तुमचं प्रपोजल उघडा आणि एका कागदावर तीन ओळी लिहा: मी काय बदलतोय, त्यासोबत आपोआप काय बदलतंय, आणि बदलाआधीचं मोजमाप माझ्याकडे आहे का? तिसऱ्या ओळीवर पेन अडला, तर काम तिथूनच सुरू करा.