तुटलेले कोपर आणि शस्त्रक्रिया : शतकभराचा मागोवा

कोपराच्या गुंतागुंतीच्या अस्थिभंगांवर, म्हणजे ज्यांत भेगा थेट सांध्याच्या आतपर्यंत गेलेल्या असतात किंवा हाडाबरोबर हाडांना एकमेकांशी बांधणारे अस्थिबंधही फाटलेले असतात अशा दुखापतींवर, शस्त्रक्रिया करावी की करू नये हा वाद विसाव्या शतकाचा बराच काळ मिटला नाही. या सांध्यात दंडाचे हाड (ह्युमरस) आणि हाताची दोन हाडे (उलना व रेडियस) एकाच संधिकोशात येऊन मिळतात, त्यामुळे कोपर वाकवणे आणि तळहात उलटसुलट फिरवणे या दोन्ही क्रिया तेथील दुखापतीने अडू शकतात. शिवाय काही आठवडे प्लास्टरमध्ये राहिलेले कोपर फार लवकर आखडते आणि प्लास्टर न घालता ते हलवावे तर तुटलेले तुकडे जागा सोडतात. पुढचा सारा इतिहास या पेचातून वाट काढण्याचा आहे.

ह्युमरसचे खालचे टोक फुटून त्याचे अनेक तुकडे झाले तर ते बाहेरून दाबून शक्य तेवढे जवळ आणावेत, हात गळपट्टीत अडकवावा आणि लवकर हालचाल सुरू करावी, अशी पद्धत ईस्टवुड यांनी 1937 मध्ये मांडली आणि पुढे ती ‘हाडांची पिशवी’ या नावाने ओळखली गेली. त्यानंतर तीन दशकांनी, 1969 मध्ये, राइजबरो आणि रॅडिन यांनी 29 रुग्णांची तुलना करून अशा अस्थिभंगांत शस्त्रक्रियेचा भरवसा धरता येत नाही असा निष्कर्ष काढला. त्यांची निरीक्षणे प्रामाणिक होती, परंतु तो निकाल वस्तुतः त्या काळातील तारा आणि सुट्या स्क्रूंवरचा होता. तुकडे नीट जुळवूनही ते इतके सैल धरले जात की नंतर प्लास्टर घालावेच लागे आणि रुग्णाच्या वाट्याला शस्त्रक्रियेचा व्रण आणि आखडलेला सांधा असे दोन्ही तोटे येत.

हे चित्र पालटण्याचे श्रेय मुख्यतः 1958 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये स्थापन झालेल्या एओ या सर्जनांच्या गटाला द्यावे लागते, कारण तुकडे मूळ रचनेप्रमाणे जुळवणे, ते पक्के बसवणे, हाडाचा रक्तपुरवठा जपणे आणि सांधा लगेच हलवणे ही चार सूत्रे त्याने एकत्र बांधली. गटाच्या संस्थापकांपैकी एक असलेले आल्गोवर यांच्यासह ज्युपिटर आणि सहकाऱ्यांनी 1985 मध्ये ह्युमरसच्या सांध्यात गेलेल्या अस्थिभंगांच्या 34 रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला आणि त्यांपैकी 27 जणांचा निकाल चांगला किंवा उत्तम आला. कोपराचे मागचे टोक (ऑलेक्रॅनॉन) मुद्दाम कापून ट्रायसेप्स स्नायूसह वर उचलले की सांध्याचा पृष्ठभाग समोर दिसतो. तेथे तुकडे जुळवून, दोन्ही बाजूंच्या हाडी स्तंभांवर प्लेट बसवून ते टोक पुन्हा जोडले जाते. या प्लेट एकमेकींशी काटकोनात असाव्यात की मेयो क्लिनिकच्या ओ’ड्रिस्कॉल यांनी सुचवल्याप्रमाणे समांतर असाव्यात, यावर पुढे बरीच चर्चा झाली. तथापि हालचालीचा भार सोसण्याइतके दोन्ही स्तंभ पक्के झाले आहेत का, हा प्रश्न त्याहून अधिक महत्त्वाचा आहे.

यश मोजायचे कशावर, हेही दरम्यान ठरले. मोरे, ॲस्क्यू आणि चाओ यांनी 1981 मध्ये दाखवून दिले की रोजची बहुतेक कामे 30 ते 130 अंशांच्या वाकण्यात आणि तळहात दोन्ही दिशांना सुमारे 50 अंश फिरण्यात भागतात. हाताने घास तोंडापर्यंत नेणारी व्यक्ती या आकड्यांची किंमत लगेच ओळखेल. महाराष्ट्रात अनेक रुग्ण आजही आधी हाडवैद्याकडे जातात, म्हणून येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे : लवकर हालचाल म्हणजे रुग्णाने स्वतःच्या स्नायूंनी केलेली हालचाल, दुखऱ्या कोपराला जोराने मालिश केल्यास स्नायूतच हाड तयार होण्याचा धोका वाढतो आणि सांधा कायमचा अडकू शकतो.

रेडियसच्या वरच्या टोकाची, म्हणजे रेडियल हेडची, कहाणी वेगळी आहे. मेसन यांनी 1954 मध्ये 100 रुग्णांवरून त्याच्या अस्थिभंगांचे तीन प्रकार पाडले आणि चुरा झालेले हेड काढून टाकणे ही दीर्घकाळ सर्वमान्य रीत राहिली. त्या हेडवाचून मनगट आणि कोपर या दोहोंचा तोल जाऊ शकतो, हे एसेक्स-लोप्रेस्टी यांनी 1951 मध्येच वर्णिलेल्या दुखापतीवरून कळायला हवे होते. नंतर वापरात आलेली सिलिकॉनची हेड झिजून सांध्यात दाह निर्माण करू लागली आणि त्यांची जागा धातूच्या हेडनी घेतली.

कोपर निखळणे, रेडियल हेड तुटणे आणि उलनाचा पुढचा उंचवटा (कोरोनॉइड) तुटणे या एकत्रित दुखापतीला हॉचकिस यांनी 1996 मध्ये ‘भयंकर त्रयी’ म्हटले. रिंग, ज्युपिटर आणि झिल्बरफार्ब यांनी 2002 मध्ये अशा 11 रुग्णांची नोंद केली, तेव्हा रेडियल हेड काढून टाकलेल्या चारही रुग्णांचे कोपर शस्त्रक्रियेनंतर पुन्हा निखळले होते. हाडाचा तुकडा हा सांध्याच्या स्थैर्याचा घटक आहे आणि अस्थिबंधही तितकाच, ही समज येथे पक्की झाली. 2004 मध्ये प्यू, मॅकी आणि सहकाऱ्यांनी खोलवरून वर येणारा क्रम मांडला, त्यात आधी कोरोनॉइड, मग रेडियल हेडची दुरुस्ती किंवा बदल आणि शेवटी बाहेरच्या बाजूचा अस्थिबंध येतो. त्यांच्या 36 कोपरांमध्ये वाकण्या-सरळ होण्याची सरासरी कक्षा 112 अंश राहिली.

वृद्धांचा प्रश्न मात्र प्लेटने पूर्णपणे सुटला नाही, कारण ठिसूळ हाडात स्क्रू धरत नाही. अशा रुग्णांत कॉब आणि मोरे यांनी 1997 मध्ये कृत्रिम सांध्याचे चांगले परिणाम मांडले आणि 2009 मध्ये कॅनडातील तुलनात्मक चाचणीत प्लेटसाठी निवडलेल्या पाच वृद्धांच्या बाबतीत स्थिर जुळणी होत नसल्याने शस्त्रक्रियेच्या मेजावरच कृत्रिम सांधा बसवावा लागला. तो सांधा आखडण्याची भीती कमी करतो, पण त्या हाताने जन्मभर फारसे वजन उचलायचे नसते, म्हणून साठीतही शेतात राबणाऱ्या माणसाबाबत, हाड साथ देत असेल तर, प्लेटचाच प्रयत्न आधी केला जातो.